परिणाम झाला होता, द्वारका

तुझ्या श्रद्धांजलीला टाळ्या वाजल्या, द्वारका.

खोटं नाही सांगत. तू गेलीस त्या आठवड्यातच कंपनीतल्या सकाळच्या मीटिंगला जगताप सरांनी सगळ्यांना लाइनसमोर उभं केलं. आम्ही माना खाली घालून शांत उभ्या राहिलो. मग सर बोलले, "इतकं मोठं दुखणं घेऊन द्वारकाताई काम करत होत्या आणि आपल्याला कळलंसुद्धा नाही. कामावर त्यांनी कधी परिणाम होऊ दिला नाही. हा आदर्श सगळ्यांनी घ्यायला पाहिजे." एवढं बोलून ते थांबले आणि टाळ्या पडल्या. रोजची सवय. सर बोलायचे थांबले की टाळ्या वाजवायच्या, मग ते टार्गेट असो नाहीतर कुणाचा वाढदिवस असो. मागच्या ओळीतून सुरुवात झाली आणि पुढं येईपर्यंत कुणाला थांबवायचं सुचलं नाही. सरांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. तू असतीस तर टोपी तोंडावर ओढून हसली असतीस आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या बसला त्यांची नक्कल करून दाखवली असतीस.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते आदरापोटी वगैरे नव्हतं. कामाची पहिली पाळी होती आणि सकाळी माझे तळवे एकमेकांवर आपटता येत नाहीत. हे त्या शेडमध्ये मी तुला एकटीलाच सांगितलं होतं.

तेव्हापासून ते वाक्य माझ्या मागं लागलंय. भाकरी थापताना, बसची वाट बघताना, गोळी गिळताना. तेराव्याला तुझ्या गावी, अजिंठ्याकडं आलो, तर तिथं तुझा भाऊही तेच सांगत होता. सरांनी त्याला फोनवर सांगितलं असणार. "मही बहीण किमो घेऊन बी कामात मागं पडली नाय," असं तो प्रत्येक येणाऱ्याला सांगायचा आणि आलेली माणसं माना हलवायची. तुझी लेक पूजा त्याच्या शेजारी ताठ बसली होती. मी भिंतीला टेकून बसले होते आणि ते खरं नाही हे त्या अख्ख्या मांडवात फक्त मला माहीत होतं. परिणाम झाला होता. तुझ्याही कामावर आणि माझ्याही. आपण दोघींनी तो झाकला होता, एवढंच.

मी हे सगळं पहिल्यापासून मनात मांडून बघतेय, कुठं काय झालं ते कळावं म्हणून. तू म्हणशील, ह्या छायाला दुसरा उद्योग नाही. तू मला नेहमी म्हणायचीस, "तू काळजी करायची थांबलीस ना, तं त्या दिवशी शेंद्र्याला दिवसच उगवायचा नाय." चालेल. आत्ता दुपार आहे, बोटं मोकळी आहेत, तेवढ्यात लिहून घेते.

शेंद्र्याच्या कंपनीतलं आपलं काम तसं साधं. गाडीच्या पोटात जाणाऱ्या वायरींच्या जुड्या बांधायच्या. बोर्ड सरकत समोर येतो, त्याच्यावर वायरी अंथरायच्या, त्यांची टोकं कनेक्टरच्या भोकांत बसवायची, वरून काळी टेप गुंडाळायची, तोवर बोर्ड पुढच्या बाईकडं. बोर्डानं कुणाची वाट बघायची नसते. कुणाचं काम राहिलं की लाइन अडते, त्या टेबलावरचा दिवा लाल होतो आणि सगळ्या मान वळवून बघतात. त्या लाल दिव्याची मला इतकी धास्ती, की तो मला स्वप्नात आमच्या देव्हाऱ्यात लागलेला दिसायचा.

माझा संधिवात तुझ्या दुखण्याच्या आधीचा. सकाळी बोटं आखडलेली, ऊन चढलं की हळूहळू सुटणार. ब्लाऊजचे हूक लागले की दिवस बरा. नाही लागले की नवऱ्याला हाक मारायची आणि त्यावर दोघांनीही काही बोलायचं नाही. मग बादलीतल्या गरम पाण्यात हात बुडवून बसायचं आणि बस जाईल म्हणून घड्याळाकडं बघत राहायचं. आठवड्याला एक गोळी असते, ती घेतली की दुसऱ्या दिवशी पोटात ढवळतं आणि डोकं असं जड होतं की वायर लाल आहे का तपकिरी, ते कळायलाही वेळ लागतो. गोळी घेतली तर काम जातं आणि नाही घेतली तर बोटं जातात. हे मी कुणाला सांगणार होते? ठेकेदाराच्या माणसाला दारात उभ्या असलेल्या पोरींची रांग दिसत असते.

एका सकाळी टेपचं टोक माझ्या नखाला लागेना. बोर्ड निघाला होता. माझ्याकडं न बघता तू हात लांब करून रीळ घेतलंस, टेप गुंडाळलीस आणि आपल्या कामाला वळलीस. परत येताना बसमध्ये विचारलंस, "कधीपासून हाय?"

"काय?"

"मह्या बापाची मेंढी लंगडायच्या आधी मला कळायचं. तू तं माणूस हायस. कधीपासून हाय ते सांग."

मी सांगितलं. आपलं पुंडलिकनगर येईपर्यंत रडतच होते. तू खिडकीतून बाहेर बघत होतीस आणि मध्येच म्हणालीस, "रोज सकाळची टेप मही. तू फकस्त वायरी लाव." बस्स, ठरलं.

मग तुझं कॅन्सरचं निघालं. ऑपरेशनला गेलीस तेव्हा कंपनीत गर्भपिशवीचं सांगितलंस, कारण त्या ऑपरेशनचं बायका फार खोदून विचारत नाहीत आणि सर तर मुळीच विचारत नाहीत. किमो सुरू झाली तशी दर वेळी सुट्टीला कारण लागायला लागलं. तुझ्या नात्यातली किती माणसं त्या काळात गेली! एका चुलत्याला तर तू दोनदा मारलंस आणि मला सरांसमोर तोंडाला रुमाल लावून खोकायची पाळी आली. केस गेले ते टोपीत झाकले. टोपी सगळ्यांनाच घालावी लागते. "बघ, कंपनीला किती काळजी, आधीच देऊन ठिवली," म्हणायचीस. घरूनच टोपी घालून निघायचीस, तेव्हा सरांनी तुझं शिस्तीसाठी नाव घेतलं होतं. त्या दिवशीही टाळ्या पडल्या होत्या.

पण बोटांचं झाकता येईना. औषधानं तुझ्या बोटांची टोकं बधिर झाली. वायर कनेक्टरमध्ये नीट बसली की आत टक होतं. शेडच्या गोंगाटात तो आवाज ऐकू येत नाही, तो बोटालाच कळतो. तुला तो कळेनासा झाला. तुझ्या जुड्या शेवटच्या तपासणीतून परत यायला लागल्या. डबा खाताना तू बोटाचं टोक दातानं चावून दाखवलंस आणि म्हणालीस, "बघ, काहीच नाय." तू हसत होतीस. मी माझा डबा बंद केला.

दुसऱ्या दिवसापासून तू बसवलेली प्रत्येक वायर मी ओढून बघायला लागले. माझी बोटं तोवर सुटलेली असायची. सकाळी तू माझी टेप गुंडाळायचीस, दुपारी मी तुझ्या वायरी ओढायची. हळूहळू कुणाचा हात कुठं जातोय तेही आपल्याला बघावं लागेना. तू म्हणायचीस, "तू अर्धी, मी अर्धी. दोघी मिळून एक साबूत बाई व्हती, तेवढी लई झाली." आणि आपल्याच टेबलावर वायरी सोडवायला, रीळ बदलायला रेहाना होती, ती आपलं राहिलंसाहिलं उचलायची. तिनं कधी विचारलं नाही. तिला कळलं होतं का नाही, मला तेव्हा माहीत नव्हतं.

आपलं भांडण तेव्हापासूनचं. मी म्हणायची, सांगून टाकू. आजारपणाची रजा मिळते, कायद्यात आहे, दोघी जाऊन सरांना सांगू. तू ऐकायची नाहीस.

"रजा मिळती, व्हय. रजेवरून आल्यावर जागा मिळती का?"

"सर तसे वाईट नाहीत."

"सर वाईट नायतच. पण एकदा सांगितलं ना छाया, की माणूस दिसायचं बंद होतं, दुखणंच दिसतं. मग चांगलं काम केलं तरी म्हणतेत, बिचारी. अन् चुकलं तं म्हणतेत, व्हणारच. मला बिचारी नाय व्हायचं."

"आणि उद्या चूक पकडली गेली तर?"

"तुला उद्याचं लई. आजची बस तं येऊ दे."

ह्यावर मी पिशवी उचलायची, कारण बस खरंच आलेली असायची.

मग ते घड्याळवाले साहेब आले. कोणत्या टेबलाला किती वेळ लागतो ते मोजायला. मला आदल्या दिवसापासून जेवण गेलं नव्हतं. आपण दोघी आपल्या टेबलावर कामाला अशा काही भिडलो, की तसं ना आधी कधी केलं होतं ना नंतर. त्यांनी घड्याळ दाबलं की तू माझ्या टेपवर, मी तुझ्या वायरींवर, चार हात एकाच बोर्डावर. त्यांना वाटलं, दोन बायका आपापलं काम करतायत. साहेब खूश. सरांनी मीटिंगमध्ये आपली नावं घेतली, टाळ्या, आणि पुढच्या सोमवारी रेहानाला दुसऱ्या लाइनवर पाठवलं. एवढं झटपट होतंय तर तिसऱ्या बाईची गरजच काय? आपण पकडल्या जाऊ नये म्हणून जोर लावला आणि तोच जोर आपला रोजचा वेग ठरला. त्या दिवशी बसमध्ये तू कुणाची नक्कल केली नाहीस. उतरताना फक्त म्हणालीस, "जास्तीच चांगलं केलं आपण."

त्यानंतरची तुझी एक किमो पुढं गेली. हे मी कुठंच बोललेली नाही. महिनाअखेर होती, माल जायचा होता. मी तुला म्हटलं, तू जा, माझं मी बघते. तू म्हणालीस, "तू काय बघतीस? रेहाना नाय, मी नाय. सकाळी तुही टेप कोण लावीन?" आणि तू गेली नाहीस. पुढच्या आठवड्यात गेलीस. तेवढ्यानं काही बिघडलं नाही, असं डॉक्टर म्हणाले, असं तू म्हणालीस. डॉक्टर खरंच तसं म्हणाले का? मला त्यांना जाऊन विचारावंसं वाटतं आणि विचारायची भीतीही वाटते. उत्तर काहीही असलं तरी मला झोप लागायची नाही.

तुझे आभार मानायचे राहून गेले. आपल्यात ती पद्धत नाही, मानले असते तर तू माझी नक्कल केली असतीस. पण तू होतीस म्हणून माझी नोकरी टिकली, नोकरी टिकली म्हणून औषध टिकलं आणि औषध टिकलं म्हणून ही बोटं आज पेन धरतायत. हे सरळ सरळ असं आहे.

शेवटी तू कमरेचं दुखणं सांगून घरी राहिलीस, तेव्हा मी तुझ्या खोलीवर आले होते. पूजा चहा ठेवत होती. तू विचारलंस, "टेप कोण लावतंय?"

"जमतंय माझं," म्हटलं.

तू माझा हात ओढून घेतलास आणि एकेक बोट दाबून बघितलंस. तुझ्या बोटांना काही कळत नव्हतं, मला माहीत होतं, तुलाही माहीत होतं. "सूज कळत नाय," म्हणालीस, "पण गरम लागून राह्यलं." मग बराच वेळ हात सोडला नाहीस. मला तेव्हा विचारायचं होतं, द्वारका, आता तरी सांगू का सरांना? जिभेवर आलं होतं. पूजा चहा घेऊन आली आणि ते राहिलं ते राहिलंच.

आता पुढचं ऐक, कारण ह्याच्यासाठीच लिहायला बसले.

ठेकेदारानं पूजाला तुझ्या जागेवर घेतलं. आपल्याच टेबलावर, माझ्या शेजारी. सरांनी तिला पहिल्या दिवशी सांगितलं, "आईचं नाव राख." पोरगी इतकी हरखली होती! तुझीच टोपी धुऊन घालून आली होती. हात तिचे चांगले आहेत, तुझ्यासारखेच लांब. पण वेग आपला ठरलेला. तुझा नव्हे, आपला. चार हातांचा, आणि त्यात रेहानाचंही काम मिसळलेलं. तो त्या पोरीनं कुठून आणायचा?

आठवडाभरात तिची बोटं फाटली. त्यांवर वायरीचीच काळी टेप गुंडाळून काम करायची. डबा अर्धा टाकून टेबलावर जाऊन सराव करायची. मी म्हटलं, बाई, जेव तरी. तर म्हणाली, "मावशी, आई किमो घेऊन करायची. मला काय धाड भरली?" मला तिथंच तोंड उघडायचं होतं. पण काय सांगू? तुझी आई मागं पडत होती, असं? बापाविना वाढलेल्या त्या पोरीकडं तुझ्यामागं एवढं एक वाक्य उरलंय. गावात मामा तेच सांगतो, कंपनीत सर तेच सांगतात, ती तेच उराशी धरून बसते. मी ते काढून घ्यायचं आणि बदल्यात काय द्यायचं? शिवाय तुझं सांगायचं तर माझंही सांगावं लागणार. तुझी गोष्ट माझ्याशिवाय सांगताच येत नाही. माझी जागा गेली तर गोळ्या, घरभाडं, दर दोन महिन्यांनी रक्ताची तपासणी, सगळं डोळ्यांसमोर फिरायला लागायचं. आणि तू नको म्हणाली होतीस. जिवंत माणसाचं मन वळवता तरी येतं, तुझं कसं वळवणार?

तेवढ्यात मीटिंगमध्ये सरांनी सांगितलं, आपलं टेबल मागं पडतंय, घड्याळवाले साहेब पुन्हा येणार. जुना वेग गाठायला काय लागेल ते बघणार. पूजानं माझ्याकडं बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता, माझाही पडला असणार.

साहेब आले ते सकाळीच आले. मला दुपार तरी मिळेल असं वाटत होतं. त्या दिवशी हूक लागले नव्हते, गरम पाण्यानंही काही झालं नव्हतं, आणि आदल्या दिवशीच गोळी घेतलेली. साहेबांनी घड्याळ हातात घेतलं आणि चांगल्या आवाजात म्हणाले, "घाबरू नका मावशी. नेहमीसारखं करा."

द्वारका, नेहमीसारखं म्हणजे तू होतीस.

बोर्ड आला. वायरी कशाबशा लावल्या. टेपचं टोक काही निघेना. एकदा, दोनदा, नख घसरत होतं. आणि बाजूनं एक हात आला. पूजाचा. माझ्याकडं न बघता तिनं हात लांब केला आणि रीळ धरलं, अगदी तसंच. तिला कुणी शिकवलं होतं? तिचा स्वतःचा बोर्ड मागं अर्धा पडला होता, बोटांवर टेप गुंडाळलेली होती, आणि ती माझं करायला निघाली होती.  मला एकदम पुढची सगळी वर्षं दिसली. ती माझी टेप लावणार, मी तिच्या वायरी ओढणार, साहेब खूश होणार, टाळ्या पडणार. आणि एक दिवस तिलाही कसलीतरी तारीख पुढं ढकलावी लागणार.

मी तिचा हात धरला. "नको," म्हटलं.

"मावशी, बोर्ड चाललाय."

"जाऊ दे."

मी माझ्या बोटांनी, माझ्या वेगानं टेप सोडवायला घेतली. लाइन अडली. दिवा लाल झाला. आपल्या टेबलावर, द्वारका, पहिल्यांदा. तुला अजिबात आवडलं नसतं. सगळ्या माना वळल्या. पलीकडच्या लाइनवरून रेहानाही बघत होती. सर धावत आले, "काय झालं छायाताई?"  काय काय जुळवून ठेवलं होतं मनात, त्यातलं एक वाक्य आठवेना. जे आलं ते बोलले.

"सर, सकाळी माझी बोटं चालत नाहीत. संधिवात आहे. लई दिवसांचा आहे. तेव्हा माझी टेप द्वारका लावायची. तिची बोटं किमोनं बधिर झाली होती, तर तिच्या वायरी मी ओढून बघायची. साहेबांनी मागं मोजलं ते एका बाईचं काम नव्हतं. हे ह्या पोरीच्यानं होणार नाही. कुणाच्याच्यानं होणार नाही."

 बोलणारे सर नव्हते म्हणून असेल, पण टाळ्या पडल्या नाहीत. साहेबांनी हातातल्या घड्याळाकडं बघितलं, ते चालूच होतं. त्यांनी ते बंद केलं. मी पूजाकडं बघायचं धाडस करत नव्हते. मग मान खाली ठेवूनच म्हटलं, "तुमचं ते खरं नाही सर. परिणाम झाला होता. परिणाम होऊनही ती रोज येत होती."

सर बराच वेळ टोपी काढघाल करत राहिले. मग "बघू" म्हणाले. त्यांच्या "बघू"चा अर्थ तुला माझ्यापेक्षा चांगला कळायचा, तू असतीस तर मी तुला लगेच विचारलं असतं. त्या दिवसापुरतं रेहानाला परत आपल्या टेबलावर आणलं. ती आली, रीळ बदललं, आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "इत्ते दिन क्या चुप बैठे जी तुम दोनों." म्हणजे तिलाही माहीत होतं.

उद्या ठेकेदाराच्या ऑफिसात बोलावलंय. मला सकाळऐवजी दुसरी पाळी देतील, का टेबल बदलतील, का घरी बसवतील, काही कळत नाही. नवरा म्हणतो, होईल ते होईल. मला तसं म्हणता येत नाही.  तुझं म्हणणं खरं निघालं तर? आता मी त्यांना दिसणारच नसेन, फक्त माझी बोटं दिसतील, तर? आपलं भांडण काही मिटलेलं नाही, द्वारका. तुझ्या बाजूचं मला अजूनही पटतं. फक्त ते पूजाच्या अंगावर टाकायला मन झालं नाही.

पूजा त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. डबा खाताना नाही, पाळी सुटल्यावर नाही. बसमध्ये तुझ्या खिडकीच्या जागेवर जाऊन बसली. मी शेजारी बसले, आता उठून जाईल, आता काही बोलेल, म्हणून जीव टांगणीला लागलेला. शेंद्रा मागं पडलं, चिकलठाणा आलं. ती बाहेरच बघत होती. मग तोंड तिकडंच ठेवून म्हणाली, "म्हणजे आईला बी जमत नव्हतं?"

"नव्हतं, बाई."

ती काही वेळ बोटांवरची टेप सोडवत बसली. एकेक वेढा काढून तिनं त्याची गोळी केली आणि मुठीत धरली.

"मला वाटलं, मलाच जमत नाय," म्हणाली.

आणि रडेल असं वाटत होतं तर ती झोपली. खिडकीला डोकं टेकून, तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखी. तू गेल्यापासून ती नीट झोपलेली नाही, असं तुझा भाऊ सांगत होता. पुंडलिकनगर आलं, आम्हा दोघींचा थांबा. बायका उतरल्या, ड्रायव्हरनं हॉर्न दिला, पुढं त्याला आणखी माणसं सोडायची होती. मी तिला उठवायला हात पुढं केला आणि मागं घेतला. मग तोच हात वर करून ड्रायव्हरला म्हटलं, "दादा, थांबा जरा."